तुरटीसाहेब आणि खारं पाणी

माझे सासरे कुणाच्याही घरी गेले की आधी ग्लासभर पाणी मागायचे आणि ते लगेच प्यायचे नाहीत. ग्लास उजेडाकडे धरायचे, हलकेच फिरवायचे, वास घ्यायचे, मग एक घोट तोंडात घोळवून गिळायचे. यजमान बिचारे हातात ट्रे घेऊन उभेच. "बोअरचं दिसतंय, जड आहे थोडं," किंवा "टाकी धुवायला झालीय तुमची," असा निकाल दिला की मगच सोफ्याला पाठ टेकवायचे. मला बघायला आमच्या पुण्याच्या घरी आले तेव्हाही त्यांनी हेच केलं. टाकीबद्दल ऐकून आई दुखावली. दुसऱ्या दिवशी माझे वडील गच्चीवर जाऊन आले. टाकीचं झाकण सरकलेलं होतं. हे त्यांनी आईला सांगितलं नाही, हळूच मला सांगितलं आणि म्हणाले, "माणूस तिरसट आहे, पण खोटा नाही."

विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी ते जलशुद्धीकरण केंद्रात केमिस्ट होते. सगळी नोकरी तिथेच. शाळेची मुलं केंद्र बघायला आली की ते काचेच्या उंच भांड्यात नदीचं गढूळ पाणी घ्यायचे, त्यात तुरटी ढवळायचे आणि मुलांना गप्प बसून बघायला सांगायचे. हळूहळू गाळ खाली बसायचा, वर नितळ पाणी राहायचं. त्या मुलांनीच त्यांचं नाव तुरटीसाहेब पाडलं. पुढे ती मुलं मोठी झाली, गावात दुकानदार झाली, वकील झाली, तरी ते तुरटीसाहेबच राहिले. दाढी झाल्यावर गालांवर तुरटीचा खडा फिरवायची त्यांची सवय असल्यामुळे ते नाव त्यांना आणखीच शोभायचं.

आम्ही त्यांना बाबा म्हणायचो. लग्नानंतरची कित्येक वर्षं बाबा माझ्याशी थेट बोललेच नाहीत. राग नव्हता, रीत होती. जे काही असेल ते माझ्या नवऱ्यामार्फत, सौरभमार्फत. "सौरभ, तिला म्हणावं भाजी चांगली झालीय." मी समोर, वाढायला उभी. मीही "बाबांना विचार ना, ताक हवंय का" असं सौरभलाच म्हणायचे. मधल्या मध्ये तो हसायचा.

सासूबाई गेल्यावर बाबा गावी एकटे राहिले. जेवणाचा डबा लावला, सकाळचा चहा शेजारून यायचा. सौरभने दोन वर्षं मनधरणी केली तेव्हा कुठे ते तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे जर्मनीत झिंडेलफिंगेनला आले. जूनचे दिवस होते. घरात पाऊल टाकल्यावर त्यांनी अर्थातच पाणी मागितलं. मी नळाचं दिलं. त्यांनी घोट तोंडात घोळवला. मग सौरभकडे बघून म्हणाले, "कुठून येतं हे?" बोडेनझे नावाच्या मोठ्या तळ्यातून, डोंगर ओलांडून पाइपाने येतं, असं त्याने सांगितलं. "एवढ्या लांबून आणतात आणि कशाचाही वास नाही," बाबा म्हणाले आणि ग्लास संपवून दुसरा मागितला. जर्मनीबद्दलचं त्यांचं मत त्या ग्लासात ठरलं.

माझी खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी तेव्हा नवीन होती. अंदमानला एकदा पाण्यात तोंड घालून प्रवाळ बघितलं होतं, तेव्हापासून ते डोक्यात होतं. वृद्धाश्रमात राहायला निघालेल्या एका आजोबांकडून जुनी काचेची टाकी मिळाली. आत मात्र सगळं नवं होतं: कोरडे दगड, पांढरी वाळू, मिठाचं पाणी, दोन नारिंगी मासे, गोगलगायी आणि प्रवाळाचे चार-पाच छोटे तुकडे. पहिले काही आठवडे टाकी स्वर्गासारखी दिसली. मग वाळूवर तपकिरी भुकटी चढली. ती ओसरते तोवर दगडांवर हिरवे केस उगवले, लांब, लवलवणारे, प्रवाळाच्या गळ्याशी येऊन टेकणारे. नव्या टाकीत हे व्हायचंच, असं सगळीकडे लिहिलेलं होतं, पण लिहिलेलं वाचणं वेगळं आणि रोज ऑफिसातून येऊन ते बघणं वेगळं.

बाबांनी टाकीसमोर खुर्ची ओढली. वाकून, डोळे बारीक करून पाहिलं. आणि पहिल्यांदाच, मध्ये सौरभ नसताना, माझ्याशी बोलले.

"हे तर आमच्या फिल्टरच्या भिंतीवर यायचं तेच. चिमूटभर मोरचूद टाक, दोन दिवसांत साफ."

मी हातातला चहा खाली ठेवला. "नाही, बाबा. तांब्याचं काहीही चालत नाही यात. गोगलगायी मरतील, प्रवाळ मरेल."

"दगडं मरतील?"

"ते दगड नाहीत. जिवंत आहेत."

त्यांना ते माहीत नव्हतं. ते परत वाकले. मी भिंगातून त्यांना प्रवाळाची इवलीशी तोंडं दाखवली, पाण्याच्या झोताबरोबर हलणारी. किती दिसलं कोण जाणे, पण ते बराच वेळ बघत राहिले. संध्याकाळी जेवताना म्हणाले, "मी जन्मभर शेवाळ मारलं. इथे मारायचं नाही म्हणजे उपाशी ठेवायचं. त्याला काय खायला मिळतंय ते शोधायला पाहिजे." हे त्यांनी भाताकडे बघत म्हटलं, पण ते माझ्यासाठी होतं, एवढं आता मला कळत होतं.

मग आमचं सुरू झालं. जर्मन टाकीवाले एकमेकांना इंटरनेटवर जे सांगतात ते मी मोठ्याने मराठीत वाचून दाखवायचे आणि बाबा त्यातलं पटेल ते ठेवायचे. नळाचं पाणी वापरायचं नाही, त्यातलं सगळं काढून टाकलेलं पाणी वापरायचं आणि त्यात मीठ घालायचं, हे मात्र त्यांच्या जिवाला लागलं. "इतकं चांगलं पाणी, त्यातलं सगळं काढतेस आणि वर मीठ घालतेस," असं ते प्रत्येक वेळी म्हणायचे. पण तपासणीच्या काचेच्या नळ्या पाहिल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "हे माझ्याकडे दे," ते म्हणाले. थेंब टाकायचे, पूड घालायची, नळी हलवायची, थोडा वेळ थांबून रंग बघायचा. फॉस्फेट, म्हणजे शेवाळाचं खाद्य, असेल तर पाणी निळं होतं. जितकं जास्त, तितकं गडद. नळी बोटांत धरायची त्यांची पद्धत बघून कळायचं की या हातांनी हे हजारदा केलंय. "पाणी काही लपवत नाही," ते म्हणायचे, "वाचणारा घाई करतो." नळी खिडकीशी धरून ते निकाल द्यायचे: "काही नाही. नितळ आहे."

फॉस्फेट नाही, मग शेवाळ कशावर जगतंय? बाबांनी दिव्यांवर संशय घेतला. आम्ही दिव्याची वेळ निम्म्यावर आणली. शेवाळ तसंच राहिलं, प्रवाळ मात्र फिकट पडलं. मग खिडकीला जाड पडदा आला. माशांचं खाणं कमी करू का, असं मी विचारलं तर म्हणाले, "ते कशाला? पाण्यात काही नाही म्हटल्यावर माशांना उगाच का छळायचं?" एक प्रवाळाचा तुकडा केसांखाली झाकला गेला आणि मेला. मी तो बाहेर काढला तेव्हा बाबांनी तो हातात घेतला, उलटापालटा केला आणि कुंडीतल्या मातीवर ठेवला.

काही गोष्टी माझ्या लक्षात यायला लागल्या होत्या. त्यांच्या पायात एक मोजा काळा असायचा, एक निळा. एस-बानच्या, म्हणजे इथल्या लोकलच्या, स्टेशनवर फलक वर असला तरी ते मला विचारायचे, "आपली केव्हा?" संध्याकाळी रस्त्यावरच्या दिव्यांभोवती कडी दिसतात म्हणायचे आणि दोष दिव्यांना द्यायचे. एका शनिवारी दुपारी ते नेहमीसारखे नळी घेऊन खिडकीशी उभे होते. मी शेजारी होते. ऊन लख्ख होतं. नळीतलं पाणी निळं होतं. फिकट वगैरे नाही, चांगलं शाईच्या थेंबासारखं निळं.

"काही नाही," बाबा म्हणाले. "नितळ."

सौरभ आमच्या मुलीला, ईराला, घेऊन पोहायला गेला होता. घरात आम्ही दोघंच. हे त्याच्याकरवी सांगता येईल असा विचार माझ्या मनात येऊन गेला. मग मी म्हटलं, "बाबा, मला हे निळं दिसतंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. नळी परत उजेडाकडे धरली. चष्मा काढला, पुसला, घातला. मग खुर्ची ओढून माझ्याकडे पाठ करून बसले.

"दोन नळ्या घे," ते म्हणाले. "एकीत साधं पाणी, एकीत हे. कुठली कुठली आहे ते सांगू नकोस. मला दे, मी सांगतो."

मी दिल्या. त्यांनी दोन्ही बघून एक पुढे केली. "ही."

ती साध्या पाण्याची होती. मी तसं सांगितलं. "अदलाबदल कर आणि परत दे," ते म्हणाले. असं आम्ही बरेचदा केलं. कधी बरोबर यायचं, कधी चूक, नाणं उडवल्यासारखं. शेवटी त्यांनी दोन्ही नळ्या टेबलावर ठेवल्या. सरळ ठेवल्या, नीट.

"पुरे," ते म्हणाले. "मला रंग दिसत नाहीये. यंत्र बिघडलं की यंत्राचे आकडे रद्द करायचे असतात."

मला वाटलं ते आता खोलीत जाऊन पडतील. त्यांनी फोन मागितला. गावाकडे संध्याकाळ झाली होती. निवृत्त झाल्यापासून त्यांच्या कॉलनीच्या टाकीतलं पाणी तेच तपासायचे; क्लोरीन किती आहे ते पिवळ्या रंगावरून बघायचे आणि ब्लीचिंग पावडर किती घालायची ते सांगायचे. कॉलनीचे सेक्रेटरी देशमुख. मी स्वयंपाकघरात होते, बाबांचा आवाज स्पष्ट येत होता.

"देशमुख, मी बोलतोय. ऐका. माझ्या तपासण्या ग्राह्य धरू नका. गेल्या दीड-दोन वर्षांतल्या कुठल्याच नाही... नाही, पाणी वाईट आहे असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही, असं म्हणतोय... उद्याच्या उद्या बाहेरून तपासून घ्या... अहो, माझा मान कसला जातोय त्यात. लोक पितात ते."

चार दिवसांनी देशमुखांचा फोन आला. पाण्यात वाईट काही नव्हतं. क्लोरीन मात्र प्रमाणाबाहेर होतं. पिवळा रंग दिसेना म्हणून बाबा पावडर वाढवत गेले होते. पाण्याला उग्र वास येतो, मुलांच्या पोटात ढवळतं, हे कॉलनीत सगळ्यांना ठाऊक होतं. पण तुरटीसाहेबांना कोण सांगणार? बायका पाणी उकळून, गार करून, वास उडाल्यावर वापरत होत्या. आणि पाण्याचा वास घेतल्याशिवाय कुणाकडे न बसणाऱ्या बाबांना रोजच्या सवयीने स्वतःच्या घरातला वास कळेनासा झाला होता.

त्या दिवशी ते बाल्कनीत बसून राहिले. जेवायला हाक मारली तर आले, पण जेवले नाहीत. सौरभ म्हणाला, "बाबा, मोतीबिंदू असेल. सगळ्यांना होतो." बाबांनी मान हलवली. "मोतीबिंदूचं काही नाही रे. वर्षभर लोकांनी वास सोसला आणि मला बघून नमस्कार केला." थोड्या वेळाने म्हणाले, "एवढ्या कॉलनीत कुणी बोललं नाही. ही बोलली." माझ्याकडे बोट दाखवून नव्हे, नुसतंच. मी उठून ताक आणलं.

इथे डोळ्यांच्या डॉक्टरचा टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, मिळेपर्यंत त्यांची परत जायची तारीख उलटली असती, म्हणून ऑपरेशन गावीच करायचं ठरलं. राहिलेल्या आठवड्यांत आम्ही कामाची वाटणी केली. रंग मी बघायचा, अर्थ त्यांनी लावायचा. "किती निळं? आभाळासारखं की शाईसारखं?" ते विचारायचे आणि मी रंगपट्टीवरचा आकडा सांगायचे. माशांचं खाणं कमी झालं. गोठवलेलं खाणं आधी गाळण्यात धुवायला लागलो. दिवे पुन्हा पहिल्यासारखे केले, पडदा निघाला, फॉस्फेट शोषणारे दाणे फिल्टरमध्ये आले. पण मी आकडा लवकर खाली आणायला निघाले की ते अडवायचे. "दमाने. पार शून्य केलंस तर प्रवाळही उपाशी मरेल. तुझे जर्मन लोकच म्हणतात ना?"

"गेनाऊ," अगदी बरोबर, असं मी सवयीने जर्मनमध्ये म्हणून जायचे. तो शब्द त्यांना आवडला. पुढे ते सौरभला आणि देशमुखांनाही गेनाऊ म्हणायला लागले.

रविवारी सकाळी आम्ही दगडांवरचे केस हाताने उपटायचो. बाबा बाही कोपराच्या वर दुमडून हात पाण्यात घालायचे. रंग दिसत नव्हते, पण बोटांना सगळं कळत होतं. प्रवाळाच्या बुडाशी गेले की ते श्वास रोखून, केसातली जट सोडवावी तसं एकेक झुबका मोकळा करायचे. मी टूथब्रशने घासायचे आणि नळीने ते सगळं ओढून घ्यायचे. या वेळी आमचं बोलणं व्हायचं. सासूबाईंच्या शेवटच्या दिवसांबद्दल त्यांनी सौरभला कधी सांगितलं नव्हतं ते मला तिथे सांगितलं, पाण्याकडे बघत. सांगून झाल्यावर म्हणाले, "डावीकडे राहिलंय बघ थोडं."

ते निघाले तेव्हा टाकी स्वच्छ झालेली नव्हती. हिरवे ठिपके होतेच. गोगलगायी त्या ठिपक्यांमागे लागल्या होत्या. विमानतळावर बाबा मला म्हणाले, "घाई करू नकोस. आणि मला आकडे कळव. फोटो नको, फोटोतले रंग भरवशाचे नसतात." मी दर रविवारी आकडे कळवत राहिले. दिवाळीच्या सुमारास एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, संक्रांतीनंतर दुसऱ्याचं. कॉलनीतलं पाणी तपासायचं काम त्यांनी एका शाळामास्तरीण बाईंना शिकवलं आणि त्यांना पहिला धडा असा दिला की दर महिन्याला एकदा दुसऱ्या कुणाला तरी पाठमोरं बसवून आपली परीक्षा घ्यायला लावायची.

पुढच्या उन्हाळ्यात बाबा पुन्हा आले. विमानतळावरून घरी येताना गाडीत सारखे बाहेर बघत होते. घरी आल्यावर टाकीपुढे उभे राहिले आणि बराच वेळ हललेच नाहीत. तोवर टाकी रुळली होती. शेवाळ कोपऱ्यात एखाद्या बोटभर जागेत उरलं होतं, दगडांवर जांभळा थर चढला होता, प्रवाळाचे तुकडे हाताच्या पंजाएवढे झाले होते, एक पोपटी, एक गुलाबी.

"हे जांभळं मागच्या वेळी होतं?"

"थोडं होतं, बाबा."

"मला वाटायचं दगडांना गंज चढलाय," ते म्हणाले आणि हसले.

रात्री जेवताना मात्र ते टाकीकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते. त्या महिन्यात माझ्या ऑफिसात कामाचा डोंगर होता, सौरभची सारखी फिरती, ईराची नवी शाळा. पण तसं तर प्रत्येकच महिन्यात काहीतरी असतं.

"अनघा, तुला बरं नाही का?"

"बरी आहे की, बाबा."

"डोळ्यांखाली किती काळं झालंय. मागच्या वर्षी असं नव्हतं."

"होतं, बाबा," मी म्हटलं. "मागच्या वर्षीही होतं."

त्यांचा घास हातातच राहिला. मग "असं होय," एवढंच म्हणाले आणि जेवू लागले.

सकाळी मला जाग आली ती भांड्यांच्या आवाजाने. दार थोडं उघडं होतं. बाबा स्वयंपाकघरात होते. जन्मात त्यांनी गॅस पेटवलेला मी पाहिला नव्हता आणि आमची तर काचेची शेगडी, नुसतं बोट लावून चालणारी. ती कशी सुरू करायची ते त्यांनी बहुधा आदल्या दिवशी ईराला विचारून घेतलं असावं. सौरभ उठून तिकडे गेला.

"बाबा, तुम्ही कशाला? अनघाला उठवतो."

"तिला झोपू दे," बाबा म्हणाले. "चहाचं गाळणं कुठे आहे?"

सौरभने एक खण उघडला, मग दुसरा, मग तिसरा. बराच वेळ खण उघडल्याचे आणि बंद केल्याचे आवाज येत राहिले.  मी पडून राहिले. चहा आला तेव्हा त्यात आलं इतकं होतं की डोळ्यांत पाणी आलं.

तीन महिने रोज सकाळचा चहा बाबांनी केला. सौरभ पहिले काही दिवस नुसता शेजारी उभा राहायचा, मग कप काढायला लागला, मग ईराचा डबा भरायला लागला. वडिलांनी मुलाला काही सुनावल्याचं मी ऐकलं नाही. मी टाकीचं पाणी बदलत असले की बाबा बादली धरायचे आणि कधी कधी मलाच उठवून म्हणायचे, "आज मी करतो. आता मला दिसतं."

ते परत गेले, आणि पुढच्या जानेवारीत, दुपारच्या झोपेतच गेले. ईराला कांजिण्या झाल्या होत्या, त्यामुळे मला जाता आलं नाही. सौरभ एकटाच गेला, दिवस करून परत आला. विमान संध्याकाळी उतरलं, तो जेवून झोपला. दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा बाहेर अजून अंधार होता आणि स्वयंपाकघरात दिवा लागलेला होता. तो ओट्याशी उभा होता, डोक्यावर नुकते केस फुटायला लागलेले, हातात किसणी.

"झोप तू," तो मागे न बघता म्हणाला. "होतोय चहा."

मी झोपायला गेले नाही. त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. तो आलं किसत होता, आणि पुरे झालं तरी थांबत नव्हता. मी त्याला थांबवलं नाही.